तिसरा कप्पा

पिशवीला तीन कप्पे.
पहिल्यात नोटा, दुसऱ्यात चिल्लर,
तिसऱ्यात माझं जेवण.

सीबीएसवरून पेठची गाडी पाच पन्नासला सुटते,
करंजाळीला दहा मिनिटं थांबते.
गांगुर्डे ड्रायव्हर खाली उतरून
मिसळीवर जादा पाव मागवतात
आणि माझ्याकडे बघून दर वेळी ओशाळतात,
जणू पाव त्यांनीच शोधून काढला.

नुसता गहू असता तर लोकांना कळलं असतं.
ज्वारी नाही, बाजरी नाही, तांदूळ नाही,
उपवासाला चालणारी भगरसुद्धा नाही.
सावळघाटात एका म्हातारीनं
फडक्यातून नागलीची भाकर काढून दिली,
गरम, स्वतःच्या वाटणीची.
ती मी खाल्ली.
पुढच्या दोन दिवसांच्या रजेच्या अर्जावर
"पोटदुखी" एवढंच लिहिलं.

रविवार कारंजावर पारखशेठ विचारतात,
"ताई, आज कोणता उपवास?"
पहिल्या वर्षी सगळं समजावून सांगायचे.
आता म्हणते, सोमवार.
शुक्रवारी गेले तरी सोमवार.
ते राजगिऱ्याची वडी पुढे करतात,
मी ती पालथी करते.

कॉलेज रोडच्या गार दुकानात
भिंतभर बार मांडलेले.
पुढून डोंगर, धावणारी बाई, शक्ती,
मागून मुंगीच्या अक्षरात जवाचं माल्ट.
दुसऱ्यात ओट्स.
तिसऱ्यावर ऐटीत लिहिलेलं, मल्टिग्रेन,
म्हणजे माझे सगळे वैरी एकाच चांदीच्या कागदात.
चौथ्यात फक्त खजूर आणि बदाम.
मी पर्स उघडली,
मग शेवटची ओळ वाचली:
ज्या यंत्रावर गहू हाताळला जातो त्याच यंत्रावर तयार केलेले.
पर्स मिटली.
दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, एवढं कोण वाचतं?"

लग्नात अक्षता केसांत अडकतात.
घरी येऊन एकेक दाणा वेचताना वाटतं,
बाहेरून याचं माझ्याशी काहीच भांडण नाही.

आई म्हणायची, दाणापाणी असेल तिथं माणूस जातो.
माझ्या वाट्याला नुसतं पाणी लिहिलं असणार,
म्हणूनच ही रोजची जा-ये.

मखमलाबादच्या सुलभा काकड पुढच्या सीटवर बसायच्या.
मणी बारीक पडले म्हणून बोटीवर न चढलेली द्राक्षं
त्या गच्चीवर सुकवायच्या.
एकदा सुट्ट्यासाठी मी कप्पा उघडला,
आत अर्धं केळं बघून म्हणाल्या,
"हे काय, माकडाचा डबा?"
मला हसू आलं, मग थोडं रडूही.
तिकिटं फाडायची राहिली, गाडी आशेवाडीच्या पुढे गेली.

त्यांनी वेगळा खलबत्ता घेतला, वेगळी परात.
बेदाणे, खजूर, तीळ,
आणि शेंगदाणा,
नावात दाणा आणि धान्यात नाव नाही असा.
पहिली खेप भुगा झाली, चमच्यानं खाल्ली.
दुसरी एप्रिलच्या उन्हात पाघळली,
डेपोच्या कॅशियरनं दहाची नोट बोटाला चिकटवून
माझ्यासमोर धरली, काही न बोलता.
तिसऱ्या खेपेला सुलभाताईंनी
पिशवी मागून घेतली आणि कप्पा टेपनं मोजला.

करंजाळी.
गांगुर्डे आज चहाचा ग्लास घेऊन बोनेटपाशी उभे,
"दाखवा तरी," म्हणतात,
कोपरा मोडून तोंडात टाकतात,
"साखर कमी आहे," म्हणतात, आणि आणखी मागतात.

मी उरलेलं सावकाश चावते.
साधा पांढरा कागद, दोऱ्यानं बांधलेला.
मागे काहीच लिहिलेलं नाही.
तरी मी पालथा करून बघते.
मग डबल बेल.