टाचणी

पहिल्याच तासाला गाळवणकर सरांनी फळ्यावर
भलंमोठं झुरळ काढलं,
डोकं, छाती, पोट, पाय सहा,
आणि म्हणाले, आठ दिसले की माझ्याकडे आणायचं नाही.
मागून प्रज्वलने विचारलं, सर, मृगाचा किडा?
आठ, सर म्हणाले.
त्याच्या नावात किडा आहे, अंगात नाही.

त्या दिवसापासून नावांवरचा माझा विश्वास
जरा सैल झाला.

ऑक्टोबरातला शनिवार, सकाळचे साडेसहा,
पारसिकच्या टेकडीवर बंद पडलेल्या दगडखाणीपाशी
आम्ही नऊ जण,
तन्झीलाच्या आईने मच्छरदाणी कापून शिवलेल्या चार जाळ्या
आणि एक छत्री.
छत्री उलटी धरायची बोरीखाली,
फांदीला काठीने दोनच टोले.
पडले ढालकिडे, दोन सुरवंट,
नाकतोड्याचं पंख न फुटलेलं पोर,
मुंग्या,
आणि मुंग्यांत मुंगीसारखाच लगबगणारा एक जण.
मी त्याचे पाय मोजले.
मग सोडला त्याला बोरीवर परत.

बरण्यांची पिशवी सांभाळत मढवीमामा सावलीत बसलेले.
प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं, निवृत्तीला आता चार महिने.
खाली बोट दाखवून म्हणाले,
तो धारण तलाव दिसतो ना, पंपहाऊसच्या अंगाला,
तथं आमचा भात व्हता.
बांधावर चतुर धरायचे, शेपटीला दोरा बांधायचा.
मग सोडायचात? मी विचारलं.
दोरा तुटला की तोच जायचा.

ती मला तलावाकाठीच मिळाली, लव्हाळ्यावर,
पंख पाठीवर मिटून, हाडकुळी, निळी.
बरणीत कापूस, कापसावर
नेलपॉलिश पुसायच्या वासाचं ते औषध.
झाकण फिरवताना मी मान वळवली.
सर म्हणाले, मारतेस ना? मग बघ.
बघितलं.
मिनिटभरही लागलं नाही,
आणि ते मिनिट अजून संपलेलं नाही.

सोमवारी प्रयोगशाळेत थर्मोकोल, चिमटे, पिना.
भुंगेऱ्याला उजव्या पंखकवचातून टोचायचं, डाव्यातून नाही.
का, ते सरांनी सांगितलं होतं,
माझ्या वहीत त्या जागी शाईचा डाग आहे.
आणि हिचं तर नावच टाचणी.
टाचणीत टाचणी खुपसताना
तन्झीलाला हसू आलं, मग मलाही,
मग दोघी एकदम गप्प झालो.

तिसऱ्या दिवशी निळा उडून करडा झाला.
वहीत मी लिहून ठेवलं होतं: रंग निळा.
कसला निळा, ते लिहिलंच नव्हतं.

चिठ्ठी नखाएवढी. ठिकाण, तारीख, संग्राहक.
चिठ्ठी नसली की किडा कचऱ्यात,
मग तो कितीही दुर्मीळ असो.
मी लिहिलं: धारण तलाव, बेलापूर.
पेटीत डांबरगोळ्या ठेवायला आलेल्या मामांनी
चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं.
त्या तुकड्याला लांबोडी म्हणायचे, म्हणाले,
आणि दुसऱ्या पेटीकडे गेले.

सरांना विचारलं.
नकाशावर सापडेल तेच लिही, म्हणाले.
पण एका पिनेवर दोन चिठ्ठ्या बसतात,
हे त्यांनीच शिकवलेलं.
खालच्या चिठ्ठीवर मी लिहिलं:
लांबोडी. सांगणारे, का. ह. मढवी.

तपासताना सरांनी भिंग लावलं,
दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, बराच वेळ.
एक मार्क कापला.
तारखेत वर्ष नव्हतं.

वर्ष मी त्याच संध्याकाळी घातलं,
बारीक निबाने, श्वास रोखून.
मामा आता कॉलेजात नाहीत.
पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो,
हिचा एक पाय गळून तळाला पडला आहे.
राहिले पाच.
तरी कीटकच, मी प्रज्वलला सांगते.