उजवा टायर

कात्लेहाँगच्या मागल्या गल्लीत
दर शनिवारी चार वाजता
मलोमे त्सेको शर्ट काढून कुंपणाला अडकवायचा
आणि म्हणायचा, चल, बस उजवीकडे.
(मलोमे म्हणजे मामा. पण भाचीला बाहुली आणणाऱ्या
मामांपैकी हा नव्हता.)

गाडी चौकोनी, लाल, एकोणनव्वदची.
सगळी वस्ती तिला गुशेशे म्हणते.
पुढची चाकं नुसती दिशा दाखवतात, तो सांगे,
राबतात मागची. हे आधी पाठ कर.

टायर नवे नकोत. नव्याला माज असतो.
हायडलबर्ग रोडच्या भंगारवाल्याकडून
टक्कल पडलेले दोन आण,
हवा भर टणटणीत,
म्हणजे जमिनीला कमी चिकटतील.
खाली अर्धी बादली पाणी.
पूर्ण नको, आपल्याला पोहायचं नाहीये.

हँडब्रेकला हात लावलास तर हात मोडीन.
तो मागची चाकं धरतो,
आणि आपल्याला मागचीच तर सोडायचीत.
क्लच दाब. दुसरा गिअर. रेस.
काटा पाचवर गेला की ऐक:
आवाज रडका असेल तर थांब,
चिडका असेल तर
डावा पाय क्लचवरून काढ, चटका बसल्यासारखा,
आणि त्याच पायाने ब्रेक,
झोपत आलेल्या पोराला थोपटतात तितकाच.
आता गाडी जागच्या जागी,
चाकं मात्र गावाला निघाली.

वारा कुठला आहे ते आधी बघत जा, गाढवे,
शेजारणीचे कपडे वाळतायत.

हे सगळं मला तोंडपाठ होतं.
हाताने केलं होतं दोनदा.
दोन्ही वेळा तो शेजारी होता.

त्याला मातीत ठेवलं तेव्हा जुलै होता,
गवतावर हिव.
गाडी कोण फिरवणार यावर आठवडाभर खल.
खोत्सोला सकाळीच चढलेली,
सेलोचा पाय प्लॅस्टरमध्ये.
आई म्हणाली, दिमाकात्सो फिरवील.
मी काळ्या झग्यात, अनवाणी.
बुटाला पेडल कळत नाही, हेही त्याचंच.

दफनभूमीच्या फाटकाबाहेर माणसांचं रिंगण,
फोन वर.
पाळक मागच्या रांगेत, बायबल छातीशी,
पण टाचा उंचावलेल्या.

मी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली.

एक आचका. मग काही नाही.
कुणीतरी शेंग फोडली तेवढी ऐकू आली.
एक म्हातारा फिस्सकन हसला, मग सगळे,
आईसुद्धा, आठ दिवसांत पहिल्यांदा.

रेस कमी पडली होती.
रडून आलेला पाय हलका पडतो
हे त्याने सांगितलं नव्हतं.
त्याला तरी कुठून ठाऊक असणार.

दुसऱ्यांदा काटा सहावर.
चिडका.
पाय काढला, ब्रेक धरला, धूर दाटू दिला,
मग स्टिअरिंग उजवीकडे अडेपर्यंत, ब्रेक मोकळा,
आणि गाडी जात्यासारखी घुमली.
खिडकीत थडगी, विजेचे खांब, आई,
थडगी, खांब, आई,
थडगी,
मग नुसतं पांढरं.
रबराचे गरम तुकडे केसांत, मानेवर.
डावा टायर फाटला, तारा बाहेर, रिमखाली ठिणग्या.
अर्धे ओरडत होते बस, बस,
अर्धे अजून, अजून.
तापमानाचा काटा लालाला टेकला तशी थांबले.
इंजिन मारायचं नाही. कुणासाठीच नाही.

घरी फाटकाशी कोरफडीचं पाणी ठेवलेलं,
मातीहून आलेल्यांनी हात धुऊनच आत यायचं.
मी हात धुतले, मान धुतली.
टोपलं काळं झालं.
मागच्या बाईने चक् केलं
आणि नवं पाणी मागवलं.

उजवा टायर अजून अंगणात आहे.
कोंबड्या त्यात बसतात.
एखाद्या शनिवारपुरतं रबर असेल त्याच्यात,
मी अंगठ्याने दाबून पाहिलंय.