भिंतीपासून दहा मिलिमीटर

खोकी दोन दिवस घरात आडवी ठेवा,
असं कागदावर लिहिलं होतं.
लाकडाला म्हणे खोलीची सवय व्हावी लागते.
लाकूड कसलं, भुसा आणि डिंक,
वर ओकच्या लाकडाचा फोटो.
बुधवारपासून ती पॅसेजमध्ये पडून.
हिल्मा त्यांच्यावरून उडी मारून शाळेत गेली,
उडी मारून परत आली.
मला या घरात येऊन चौदा महिने झाले होते.

केमीतला नोव्हेंबर. तीनलाच अंधार.
बर्फ अजून नाही, म्हणून माझी बर्फ लोटायची गाडी
नगरपालिकेच्या शेडमध्ये, आणि मी घरी.
कात्रीची इस्पितळात रात्रपाळी.

जुनं लिनोलियम उचकटलं तेव्हा
नाकाला मफलर लावून तिची मुलगी दारात येऊन उभी राहिली.
सूचना तरी वाच, मी म्हटलं.
वाचल्या. हवामानाच्या बातम्या वाचाव्यात तशा.
आधी खोलीची रुंदी मोजा. शेवटची ओळ
पाच सेंटीमीटरपेक्षा अरुंद येत असेल
तर पहिलीच ओळ कापून घ्या.
हो हो. पुढे?
मोजली का?
वीस वर्षं रस्ते साफ करतोय मी, नजरेनं कळतं.
ती पुढे वाचू लागली.

भिंतीपासून दहा मिलिमीटर सोडा, पाचरी ठोका.
ही जमीन कशालाच चिकटवायची नाही,
कुठे खिळा नाही, स्क्रू नाही. नुसती तरंगते.
फुगते, आकसते, तिला जागा लागते.

मग जीभ खोबणीत. फळी तिरकी धरायची,
दाबत खाली न्यायची: टक्.
जिभेला हाड नसतं म्हणतात, हिला असतं.
जबरदस्ती केली की मोडते
आणि ती फळी कपाटाखाली लपवावी लागते.
अशा दोन.

सहा ओळी आमचं बोलणं एवढंच:
सदतीस पॉइंट चार.
किती?
पॉइंट चार.
मापात पाप नको म्हणून मी पुन्हा विचारायचो.
म्हणजे, कारण तेच सांगायचो.

सातव्या ओळीला कॉफी ठेवायला गेलो.
आलो तर ही फोम उचलून
खालच्या काँक्रीटवर पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होती.
मला बघून फोम पाडला, टेप लावली, दोनदा.
मी फळी आणली, बसवली,
ठोकळा धरून हातोडी मारली. जरा जास्तच.

रात्री साडेअकरा. शेवटची ओळ.
या टोकाला दोन सेंटीमीटर, त्या टोकाला साडेतीन.
भिंतच वाकडी, मी म्हटलं.
अंगणपण, हिल्मा म्हणाली.

मी हसलो. ती नाही.
जिगसॉखाली पट्टी बिस्किटासारखी तुटली. दुसरीही.
सगळं उकलायचं का मग? मी विचारलं. क्लिकचं आहे,
पहिल्या ओळीपर्यंत मागे जाता येतं,
सकाळपर्यंत नीट होईल.
तिनं सातव्या ओळीकडे पाहिलं.
मी खिडकीकडे.
नको, ती म्हणाली.
नको, मीही म्हटलं, तिच्या आधी म्हटल्यासारखं.
तिसरी पट्टी तिनं कापली. मी दोन्ही टोकांना पाय दिले,
मोज्यांत भुसा, आणि ती अख्खी निघाली.

सकाळी कात्री आली. बूट काढले,
खोलीभर चालून पाहिलं,
खिडकीखाली वाकली.
हे इथं असं निमुळतं काय?

मी तोंड उघडलं होतं.
हिल्मानं दह्याचा चमचा काढला तोंडातून.
भिंत वाकडी आहे, आई, म्हणाली,
आणि पुन्हा खायला लागली.

कडेची पट्टी अजून लावलेली नाही.
फट दिसते. लावू.