कन्नडच्या घाटात

तिसऱ्या वळणावर सुई लाल पट्टीत गेली.
मोईननं बॉनेट उचललं, वाफेला शिवी दिली,
मग जीपच्या पाठीवर थाप:
"बस, म्हातारे, दम खा."

कॅन घेऊन पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरलो.
मी माहितीपुस्तक चाळत होतो,
कुठलं शतक, कुठला राजा.
तो थांबला दगडी नागापाशी:
पाच फणे, फण्यांत भोकं,
कड्यातलं झिरपतं पाणी
लेण्यात न शिरता
बाहेर पडावं म्हणून.

त्यानं करंगळी घातली एका भोकात,
काढली, पाहिली.
"कुठं चोकअप नाही," म्हणाला,
"मिस्त्री आपल्यातलाच."

ओढ्यात कॅन भरला.
वर येऊन रेडिएटरमध्ये पाणी ओतताना
तो कान लावून ऐकत राहिला,
खालून कुणी
"पुरे" म्हणेपर्यंत.