खोली नंबर सात, निपाणी

गुप्तरोग तपासणी. दोनदा दारातून परतले.
एकदा चप्पल तुटली म्हणून,
एकदा खोटंच.

आज भागव्वा म्हणाली, चल, मीबी देते रक्त.
तिचं तर मार्चमध्येच झालेलं.

फॉर्म कन्नडात. नर्सबाईनं विचारलं,
"हेसरु?"
लॉजवर मी करिष्मा,
तंबाखूच्या वखारीत नुसतीच "ए बाई".
तोंडात आलं ते आईनं ठेवलेलं:
अक्काताई.

"नवरा"चा रकाना
तिनं न विचारताच रेघ मारून सोडला.
तेवढ्यावर मी खुर्चीत टेकले.

सुईपेक्षा
कापसाचा गारवाच जास्त लागला.

रिपोर्ट शुक्रवारी.
शुक्रवारी लॉजवाला वाट बघतो.
बघू दे.
"बर्तीनि," म्हटलं,
आणि चिठ्ठी
पोलक्यात नाही खुपसली,
पाकिटात ठेवली, रेशनकार्डाजवळ.