ओळंबा

काळ्या मातीत पाया धरत नाही.
पावसात फुगते, उन्हाळ्यात तोंड वासते,
कोपरापर्यंत हात जाईल एवढी भेग.
मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं,
आणि मुरूम कधी लागेल हे
आमच्या अंबडात कुणी छातीठोक सांगत नाही.

मी सांगायचो.
"पाच फूट," म्हणायचो, आणि पाचाला लागायचा.
दोन-चारदा सातला लागला,
ते कुणाला सांगितलं नाही.

यहेज्केल मिस्त्री म्हणजे मी.
तीन शाळा, मोंढ्यातली गोदामं, कारखान्याची चाळ.
रविवारी शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसायचो
आणि मिटल्या डोळ्यांनी
समोरच्या भिंतीचे कोन तपासायचो.
आभार मानायचो:
नजर दिलीस, देवा,
बाकीच्यांसारखी नाही दिलीस.

त्या वर्षी चर्चची मागची भिंत नव्यानं घ्यायची ठरली.
ईस्टरपर्यंत, पाळकसाहेब म्हणाले.
चैत्राचं ऊन. टँकर एक दिवसाआड.
भिंतीला मारायचं की माणसांनी प्यायचं,
यावर रोज सकाळी भांडण.

माल द्यायला लंकाबाई होती.
घमेलं उतरवलं, पदरानं तोंड पुसलं,
आणि सहज बोलली,
"मिस्त्री, भिंतीनं पोट काढलंय."

थापी हातातच राहिली.
"तू घमेली मोज," म्हणालो, "भिंत मला बघू दे."
पोरं हसली.
ती हसली नाही, रागावलीही नाही.
रिकामं घमेलं उचललं आणि गेली.

रात्री एकटाच गेलो, विजेरी न घेता.
वर्षभर दिवसासुद्धा सगळं धुक्यातच होतं,
घरी बोललो नव्हतो.
तळवा विटांवर ठेवला, खालून वर नेला.
छातीच्या उंचीला भिंत माझ्याकडे आली,
सातवा लागलेल्या बाईसारखी.

तळव्याला खोटं बोलता येत नाही.
मला येत होतं.
सकाळी वरून गिलावा चढवला,
खाली जाड, मध्ये पातळ,
अशी सफाई
की पाळकसाहेबांनी पाठ थोपटली.

झावळ्यांच्या रविवारी तो फुटला.
होसान्ना चाललं होतं,
पोरांच्या हातात शिंदीच्या फांद्या,
आणि माझ्या बाकामागे खपली पडली,
चहाच्या बशीएवढी.
कुणाचं लक्ष नव्हतं.
लंकाबाई चर्चला येत नाही, तिचा देव वेगळा,
तरी वाटलं तीच मागे उभी आहे.
वळून बघितलं नाही.

सोमवारी तिच्या वस्तीवर गेलो.
माफीचं वाक्य पाठ करून नेलेलं,
बायबलातलं, चांगलं लांब.
ते आलंच नाही.
म्हणालो, "लंके, मला दिसत नाही."

ती भाकरी थापत होती.
"ठाव हाय," म्हणाली,
"दिवाळीपासून ठाव हाय. जेवता का?"

मंगळवारी भिंत पाडली. बुधवारी पुन्हा धरली.
मी वर, शिडीवर, दोरा धरून,
ती खाली, ओळंब्याशी उकिडवी.
"दोन सूत आत."
"आता?"
"थांबा की. हलतंय अजून."

थांबलो.
तीस वर्षं हे वजन खिशात घालून हिंडलो
आणि तेव्हा कळलं,
ओळंबा ताठ उभा नसतो.
लोंबतो.
सगळा भार वरच्या हातावर टाकतो
आणि हलायचं थांबतो,
म्हणून सरळ.
मी ताठ्यालाच सरळपणा समजत आलो.

ईस्टरला भिंत कमरेएवढीच झाली होती.
शेळ्या आत डोकावत होत्या.
पाळकसाहेब उपदेशात यावर काही बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.

आज जालन्याला, मिशनच्या दवाखान्यात,
एका डोळ्यावर पट्टी. दुसरा पुढच्या महिन्यात.
नर्स म्हणते, हलू नका, बाबा.
हलत नाही.

प्रभू, वरचा दोरा तू धरलायस का
हे इथून दिसत नाही.
वजन टाकलंय.
खाली लंकाबाई बसली असेल,
तिला विचार
अजून किती सूत.