शून्य

त्शुआपा नदीकाठच्या त्या गावात
फोनला रेंज मिळते फक्त वारुळावर.
लोम्बोतो नर्स दर शुक्रवारी
चपला खाली काढून वर चढायचा
आणि एक आकडा पाठवायचा: शून्य.

सहा वर्षं शून्यच.
खालून बायको हसायची,
काहीच नाही हे सांगायला एवढं चढायचं?

त्या शुक्रवारी त्याने तीन लिहिलं.
मासे वाळवणारी बोयेका, तिची जाऊ,
आणि जिने दोघींना शेवटची अंघोळ घातली ती.

उलट निरोप आला: टायपिंगची चूक?
त्याने परत तीन लिहिलं.
मग, जरा थांबून, चार.

होडी आली नवव्या दिवशी.
पांढरे डबे, क्लोरीनचा वास, चेहरे नसलेली माणसं.
दारोदार ताप मोजणं, एकवीस दिवस, रोज.
कुणी कपाळ पुढे केलं,
कुणी रात्रीतून नदीपार गेलं.

वहीच्या मागच्या पानावर अकरा नावं.
दहा फ्रेंच वळणाची, सरकारी.
अकरावं त्याने घरच्या हाकेनं लिहिलं.

परवा पुन्हा शुक्रवार.
वारुळावर उभा राहून तो
बराच वेळ बोट धरून होता
शून्यावर.
खालून कुणी हसलं नाही.